फाटक्या बुटाचे बारा उपयोग

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना मुलं ‘रबरबंदी’ म्हणत. त्यांच्या तासाला खोडरबर आणायला मनाई होती. रेघ चुकली की ते म्हणायचे, “चुकली ना? मग आता तिचंच काहीतरी कर.” सव्वीस वर्षं त्यांनी असंच शिकवलं. मी त्याच शाळेत हेडक्लार्क, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलं.

एका वर्षी शाळेत मुलांची सृजनशीलता मोजण्याचं संशोधन आलं. संशोधक बाई बोलायला मऊ, कामाला चोख. सहावीच्या चाळीस मुलांना त्यांनी कागद वाटले: ‘फाटक्या बुटाचे सुचतील तितके उपयोग लिहा. वेळ दहा मिनिटे.’ तुलना व्हावी म्हणून वर्षअखेरीस हीच चाचणी पुन्हा होणार होती. गुण वाढले तर चित्रकलेचे तास राहणार. नाही वाढले तर ते गणिताला जाणार आणि सरांची जागा रद्द होणार. त्यांची नोकरीची सहा वर्षं उरली होती. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, बायको शिवणकाम करायची.

पहिल्या चाचणीत वर्ग मध्यम ठरला. सरांनी तपासलेले कागद मागून घेतले आणि ज्या उत्तरांना पूर्ण गुण होते, ती एका कागदावर उतरवली. पक्ष्याचं घरटं, बाहुलीची होडी, चिल्लर लपवायची जागा, अशी बारा.

“भाऊसाहेब, याच्या चाळीस झेरॉक्स द्या काढून.”

“सर, हे पाठांतर झालं की.”

“पाढे पाठ करतात तेव्हा कोणी काही म्हणतं का? तुम्ही बटण दाबा. मशीन तरी काही विचारत नाही.”

मी बटण दाबलं.

वर्षअखेरीची चाचणी झाली. कोणतं उत्तर किती मुलांनी दिलं, याचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. घरटं, अडतीस. होडी, सदतीस. चिल्लर, चाळीस. तक्त्याबरोबर नियमांचा कागद होता. तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. दोनपेक्षा जास्त मुलांनी दिलेलं उत्तर दुर्मीळ धरायचं नाही, त्याला शून्य गुण. मी सरांना बोलावून ती ओळ दाखवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. “म्हणजे एकाला सुचलं तर सोनं, आणि सगळ्यांना सुचलं तर माती?”

“सगळ्यांना सुचलेलं नाही ना, सर.”

ते स्टुलावर बसले. तेवढ्यात बाई आल्या आणि तक्ता बघून थबकल्या.

“एवढं एकसारखं कसं, सर? कोणी शिकवलंय का?”

हो म्हणावं तर चौकशी आणि नोकरीवर गदा. नाही म्हणावं तर सगळा दोष मुलांच्या माथी. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्यात डोकं घातलं.

“नाही हो बाई,” ते हसून म्हणाले. “हा वर्गच तसा आहे. एकानं मान डोलावली की चाळीस डोलतात.”

अहवालात आलं, ‘स्वतंत्र विचाराचा अभाव.’ चाळीसही प्रगतिपुस्तकांवर तसा शेरा गेला. शेरे मीच चढवले. उपाय म्हणून चित्रकला बंद झाली आणि आठवड्याला चार तास सृजनशीलता-वर्धनाचे आले. छापील वही, दर तासाला एक पान, शिक्षकांच्या प्रतीत मागे नमुना उत्तरं. हे तास घ्यायला कोणीतरी हवंच होतं. सरांची जागा वाचली ती अशी.

जूनमध्ये एका मुलीची आई प्रगतिपुस्तक घेऊन तणतणत आली. “घराची एक भिंत कोरी ठेवली नाही हिनं, आणि तुम्ही लिहिता कल्पना नाही?”

“येईल, ताई,” सर खाली बघत म्हणाले. “वही नियमित भरायला सांगा.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “सर, सांगून टाका एकदाचं. मीही येतो बरोबर.”

“तेव्हा एकच खोटं होतं, भाऊसाहेब. आता प्रत्येक पोराच्या नावावर एकेक आहे. कोणाच्या आईला आधी सांगू?”

घंटा झाली. त्यांनी शिक्षकांची प्रत उचलली, त्या दिवसाचं पान शोधलं आणि मागची उत्तरं वाचतच ते वर्गाकडे निघाले.