बाबांनी खाली घेतलेला हात

गेल्या महिन्यात सकाळी तेल्हाऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बाबा गेले," एवढंच तो बोलला. मी अमरावतीहून एस.टी.नं निघाले, वाटेत अकोला केव्हा मागं पडलं कळलंही नाही. डोळ्यांपुढं सारखा बाबांचा उजवा हात येत होता...

बाबा जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, कापसाच्या गाठी उचलत. लहानपणी त्या हाताची मला धडकी भरायची. राग आला की तो विचार न करता पडायचा; आई मध्ये आली तर तिच्यावरही. छप्पन साली बाबा वस्तीतल्या माणसांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली आणि रोज दिवेलागणीला आम्ही पंचशील म्हणू लागलो. अर्थ बाबा आमच्या बोलीत सांगत. पहिलं शील, कोण्या जिवाले दुखवायचं नाही. चौथं, खोटं बोलायचं नाही. मी आठ वर्षांची होते. मला ते पाठांतर वाटे. आईलाही बाबांचा हात थांबेल यावर विश्वास नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. आमच्याकडं विहिरींना खारं पाणी. गोडं पाणी आई मैलभरावरच्या एका विहिरीवरून डोक्यावर आणायची. एका दुपारी खेळता खेळता माझा धक्का लागून तो भरलेला माठ फुटला. आई धावत आली आणि मी सांगून टाकलं, शेजारच्या सुमननं फोडला. सुमन सात वर्षांची. तिच्या आईनं शरमेपोटी तिला तुराटीच्या काठीनं मारलं. भिंतीपलीकडून तिचं रडणं मला ऐकू येत होतं, तरी मी गप्प राहिले.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. आईनं सगळं सांगितलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, तुह्या परकराचा काठ चिखलानं कसा भरला? चिखल त्या माठातल्या पाण्याचाच होता; मला खोटं सुचेना. खरं बाहेर पडलं. त्यांचा हात वर गेला, तसे मी डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. डोळे उघडले तर बाबा खाली बसलेले, डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात घट्ट धरून. मग हळूच म्हणाले, "तू चौथं शील मोडलं. मी तुले मारलं तं पहिलं मी मोडीन. मंग या घरात उरलं काय?"

त्यांनी माझं बोट धरलं आणि सुमनच्या दारात नेलं. मी रडत रडत सगळं कबूल केलं. तेवढ्यानं सुटले असं मला वाटलं. पण बाबा त्या पोरीपुढं उकिडवे बसले. तिच्या पोटऱ्यांवर वळ उठले होते. गाठी उचलणाऱ्या त्या धिप्पाड माणसानं सात वर्षांच्या मुलीला हात जोडले. "माह्या पोरीपायी तुले मार बसला, माय. मले माफ कर." सुमन आईच्या लुगड्याआड लपली. तिची आई मात्र मटकन खाली बसली आणि लेकीला जवळ ओढून रडू लागली.

पुढं आठ दिवस बाबा मला पहाटे गोड्या पाण्याच्या विहिरीवर नेत. पहिली घागर सुमनच्या घरी, दुसरी आमच्या. जिनातले सोबती हसायचे, मार नसला तर पोरं बिघडतील म्हणायचे. बाबा ऐकून घेत. राग त्यांचा गेला नव्हताच. पुढं भावानं शाळा बुडवली तेव्हा ते तसेच घराबाहेर पडले, गावाला वळसा घालून आले आणि मगच त्याच्याशी बोलले. त्या हाताचा मार मला पुन्हा कधी बसला नाही. मी पुढं शिक्षिका झाले, कितीतरी माणसं पाहिली... स्वतःशी इतकी मोठी झुंज घेणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

दिवेलागणीची वंदना झाली की बाबांची एक सवय असे. आधी स्वतःचं सांगायचं, आज मले कितीदा राग आला, कोणावर आला. मग आम्ही आमचं सांगायचो. नव्वदीतही ते चुकलं नाही. परवा त्यांच्या खोलीत आम्ही वंदना केली. संपल्यावर आधी स्वतःचं सांगणारं कोणी नव्हतं. चटईवरची त्यांची जागा मोकळी होती. तेवढ्यात भावाची पाच वर्षांची नात, कोणी विचारलं नसताना, त्या जागेकडं पाहून म्हणाली, "आज मले एकडाव राग आला, आबा."