घरीच असते ती स्वयंसेविका

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली, दर उन्हाळ्यात एक बॅनर लागतो आणि त्या बॅनरखाली पाणपोई असते. क्रम हाच आहे. आधी बॅनर, मग पाणी. यंदाच्या बॅनरवर अकरा गृहस्थ हात जोडून हसत होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्वयंसेवक मंडळ’. बॅनर छापून, लावून, त्याच्यापुढे सगळ्यांचे फोटो काढून झाल्यावर मंडळाच्या लक्षात आलं की रांजण रोज कोणी भरायचे, हे ठरवायचं राहूनच गेलं.

ते ठरलं आमच्या बैठकीच्या खोलीत. मंडळाचे अध्यक्ष काका संध्याकाळी चहाला आले. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर होते. एका दुकानाच्या वेबसाइटसाठी चपलांची इंग्रजी वर्णनं लिहिण्याचं काम तेव्हा मी करत असे. दार उघडं होतं.

“पोरगी काय करून राहिली सध्या?” काकांनी बाबांना विचारलं.

“काम करते ना. घरूनच. कम्प्युटरवर.”

“म्हणजे घरीच हाय.”

“हो, तसं पाहिलं तर घरीच.”

“मंग झालं. आपल्याले व्हॉलंटियरच पाहिजे होता. आन् तुमचा नळबी कोपऱ्यालेच लागून हाय.”

माझं आणि नळाचं काम असं एकाच दमात झालं. नळाचं मत कोणी विचारलं नाही, माझंही नाही. मी एका सँडलच्या टाचेबद्दलचं वाक्य पूर्ण केलं.

हा शब्द मला नवा नव्हता. माझं शिक्षण अकोल्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे टीचर विचारायच्या, ‘एनी व्हॉलंटियर्स?’ आणि सगळा वर्ग आपापल्या बेंचकडे बघायला लागायचा. टीचर थोडं थांबायच्या, लोकशाही म्हणून. मग जी सगळ्यांत गप्प असेल तिचं नाव घ्यायच्या. ते बहुतेक वेळा माझंच असे. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ ‘स्वतःहून पुढे येणारी व्यक्ती’ असा दिला होता. शब्दकोश लिहिणारे आमच्या शाळेत शिकलेले नसावेत.

उद्घाटन थाटात झालं. नारळ फुटला, फीत कापली, प्रमुख पाहुण्यांनी पाणपोईचं महत्त्व सांगितलं आणि बोलून घसा कोरडा पडल्यावर ते बाटलीतलं पाणी प्यायले. तरुण पिढी स्वतःहून पुढे येते आहे, याचा त्यांना फार आनंद झाला होता. तरुण पिढी तेव्हा रांजणामागे पाण्याचा जग धरून उभी होती. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या फोटोत माझा फक्त हात दिसतो. स्टीलच्या पेल्याला मंडळाने साखळी बांधून घेतली, कोणी नेऊ नये म्हणून. मला बांधली नाही. तेवढा विश्वास माझ्यावर होता.

सुरुवातीला आणखी दोघे-तिघे येत. एक जण रांजणाला हात लावून स्वतःचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर ‘सेवा हाच धर्म’ लिहून ऑफिसला जायचा. मग तेही थांबलं. ग्रुपवर मात्र उत्साह टिकून होता. मी भरलेल्या रांजणांना रोज अंगठे मिळत.

कामात कौशल्य असं काही नव्हतं. सकाळी रांजण आतून घासायचे, बादल्या वाहायच्या, भोवतीचं लाल फडकं ओलं करायचं. दुपारी फडकं पुन्हा ओलं केलं नाही तर पाणी गरम होतं, हे मला ऑटोवाल्या चाचांकडून कळलं. चाचा त्याच कडुनिंबाखाली ऑटो लावत आणि पहिला पेला त्यांचाच असे.

“बेटा, आज चायपत्ती टाकली असती तर चहाच झाला असता,” ते पाणी पिऊन म्हणाले.

मी ‘हो’ म्हटलं. अनोळखी माणसाशी माझं बोलणं साधारण तेवढंच असतं.

“किती पगार देतात तुमाले?”

“काही नाही.”

“मंग काहून करता?”

मी व्हॉलंटियर आहे, असं म्हणावंसं वाटलं, पण त्यांनी ‘म्हणजे काय’ असं विचारलं असतं तर काय सांगायचं? बाबा ‘घरीच’ म्हणाले म्हणून, हे खरं उत्तर होतं. मी फडकं ओलं करायला वाकले.

एप्रिल संपता संपता मला नोकरी लागली. अकोल्याच्या एका क्लासमध्ये सुट्टीतल्या बॅचला इंग्रजी बोलायला शिकवायचं. फोन वाजला की तो थांबेपर्यंत नुसती बघत बसणारी मी दुसऱ्यांना बोलायला शिकवणार होते, पण मुलाखत लेखी घेतल्यामुळे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. राहायची सोय आत्याकडे होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. चपला सुटणार, रांजण सुटणार, आणि कोणी विचारलं तर बाबांना ‘घरीच’ म्हणता येणार नव्हतं. या शेवटच्या गोष्टीसाठी मी कमी पगारातही गेले असते.

ग्रुपवर कळवलं. ‘सोमवारपासून मी अकोल्याला. पाणपोईसाठी कोणीतरी हवं.’ पहिल्या वाक्याला हार, गुच्छ आणि लाडू आले. दुसरं वाक्य कोणाला दिसलंच नाही.

काका मात्र स्वतः आले. या वेळी त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“हे पाय बाई, नोकरी चांगलीच हाय. पण अकोला काई लंडन हाय का? अर्धी अमरावती अप-डाउन करते. बडनेऱ्यावरून गाडीच गाडी हाय. पहाटे रांजण भराचे, गाडी पकडाची, संध्याकाळी घरी.”

“क्लास सकाळी सातला आहे,” मी म्हटलं.

“मंग रात्री भराचे.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा चहाच्या कपात बघत होते. “मे महिना आहे,” ते म्हणाले, “कोपऱ्यावर लोक पाण्यासाठी थांबतात. एवढा महिना केलं अप-डाउन तर काय होते? आत्या काय कुठं पळून जाते?”

काका जाताना म्हणाले, “पाणपोई बंद पडली तर लोकं मंडळाले नाई, तुमच्या घराले नावं ठेवतीन. मले काई नाई.”

त्यांना काही नाही, हे मला पटलं. मे महिना, हेही पटलं. चाचा रोज येतात, भाजीच्या गाड्या थांबतात, सुट्टी लागलेली मुलं सायकली आडव्या टाकून पितात. पाणी हवंच होतं. प्रश्न एवढाच होता की कोणाच्या हातचं. अप-डाउन सुरू झालं की ते एका महिन्यात संपत नाही, हे मी बडनेऱ्याच्या फलाटावर पाहिलेलं आहे. नोकरीच आधी सुटते.

समोर उभं राहून ‘नाही’ म्हणणं मला जमत नाही. टाइप करणं जमतं. महिनोन्महिने चपलांचं कौतुक केल्यामुळे माझी लेखणी तेव्हा फॉर्मात होती. मी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. माझ्या जाण्याने पाणपोईत खंड पडू नये म्हणून आदरणीय अध्यक्ष काका सोमवारपासून स्वयंसेवक म्हणून स्वतः रांजण भरणार आहेत, त्यांच्या या निर्णयातून आपण सर्वांनी प्रेरणा घ्यावी. वर रांजणाचा फोटो जोडला.

हारांचा पाऊस पडला. ‘असे नेतृत्व हवे.’ ‘वंदन साहेब.’ पहिलं अभिनंदन बाबांचं होतं, आणि ते मनापासून होतं. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. काकांचा आवाज आतपर्यंत येत होता.

“मी कधी म्हटलं, भाऊ?”

“ग्रुपवर आलं ना,” बाबा म्हणाले. “सगळ्याईनं वाचलं. आता नाई म्हटलं तर बरं दिसते का?”

सोमवारी मी अकोल्याला हजर झाले. पहिल्या रविवारी घरी आले तेव्हा दुपार होती. कोपऱ्यावर चाचा ऑटोत पाय पसरून बसले होते.

“बेटा, तुम गये और पानी थंडा हो गया,” ते म्हणाले. “नवीन मॅडम दुपारच्याले दोनदा फडकं भिजवते.”

नवीन मॅडम रांजणापाशी होत्या. काकांच्या सूनबाई. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना फक्त गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहिलं होतं. त्यांनी फडकं पिळलं, पदराने हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं.

“तो मेसेज तुम्हीच टाकला होता ना?”

मी मान हलवली.

“मामंजींनी रात्रीच मला सांगितलं. तू तर घरीच असते म्हणाले.”

त्यांनी मागे त्यांच्या घराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“माझं केमिस्ट्रीत एमएस्सी झालंय. तुमच्या क्लासमध्ये जागा आहे का?”

“आहे,” मी म्हटलं. “बुधवारी सायन्सवाल्यांच्या मुलाखती आहेत.”

“बुधवारीही रांजण घासायचे असतात.”

“कोणीतरी घासेल,” मी म्हटलं.

आम्ही दोघींनी वर बॅनरकडे पाहिलं. उन्हाने अकराही चेहरे फिके पडले होते. हात मात्र सगळ्यांचे अजून जोडलेलेच होते.