जुनी पिकअप आणि गोपीनाथरावांचा डावा हात

त्या काळी भोपाळच्या बरखेडा टाउनशिपमध्ये गाडी चालवणारी बाई म्हणजे एकट्या कमलिनीबाई वझलवार, आणि त्यांची गाडीही साधीसुधी मोटार नव्हे, पिकअप होती. नवरा गोपीनाथराव टाउनशिपच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर पोलाद कातणारे. लग्न झालं आणि दोघं वर्ध्याहून भोपाळला आली ती इथलीच झाली. कुठल्याशा सरकारी लिलावात निघालेली ही डिझेल पिकअप गोपीनाथरावांनी निव्वळ हौसेपोटी घेतली, दसरा मैदानावर बायकोला ती चालवायला शिकवली आणि बघता बघता त्यातून जोडधंदा उभा राहिला. टाउनशिपमध्ये दर महिन्याला कुणी ना कुणी निवृत्त व्हायचं. मग क्वार्टर सोडायचं आणि पलंग-कपाटं शहरातल्या नव्या घरी न्यायची. हे काम कमलिनीबाईंचं. गाडीची देखभाल मात्र सगळी गोपीनाथरावांकडे. रविवारी सकाळी ते गाडीखाली शिरले की जेवायच्या वेळीच बाहेर यायचे. बॉनेटखाली नेमकं काय आहे हे बाईंनी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. मुळात ते बोलणारे नव्हतेच.

एका श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, ‘बघ’. पाणी हवं असलं तरी बघ, दुखत असलं तरी बघ. बाकी सगळं त्यांना कळायचं, फक्त बोलता यायचं नाही. कारखान्याने त्यांना दीर्घ मुदतीची रजा दिली, क्वार्टरही राहू दिलं, पण पगार निम्म्यावर आला. मुलगी वंदना इंदूरला शिकत होती. आता घर चालायचं ते पिकअपवर.

आणि नेमकी तीच गाडी कुरकुरू लागली. वर्ष उलटून गेलं तरी तिला कुणाचा हात लागला नव्हता. सकाळी लवकर सुरू व्हायची नाही, झाली तर गल्लीभर काळा धूर. नीळकंठ मोघे नावाच्या निवृत्त ड्राफ्ट्समनचं सामान घेऊन बाई ईदगाह हिल्सचा चढ चढत होत्या, तेव्हा अर्ध्यावर गाडीने मान टाकली. पहिल्या गिअरमध्येही ती पुढे सरकेना. मोघ्यांच्या म्हाताऱ्या आई पुढच्या सीटवर देवांचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. शेवटी दुसरी गाडी बोलवावी लागली, आणि भर रस्त्यात सामान उतरवताना बाईंना मान वर करवेना.

शेजारच्या पिपलानीत अन्वरमियाँचं गॅरेज होतं. माणूस सचोटीचा. त्यांनी गाडी चालवून पाहिली, धूर पाहिला आणि हळहळत सांगितलं की इंजिन थकलंय, पूर्ण खोलावं लागेल. बारा हजार तरी लागतील, आणि एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात दिलेली बरी. बाई गाडी कशीबशी घरी घेऊन आल्या. बारा हजार त्यांच्याकडे नव्हते आणि यायचीही शक्यता नव्हती.

गोपीनाथराव ओट्यावर खुर्चीत बसले होते. बाईंनी अन्वरमियाँचं म्हणणं त्यांना सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. नाही, नाही. मग काठी टेकत उठले, पाय ओढत गाडीपाशी गेले, डावा तळवा बॉनेटवर ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

“अहो, मला नाही यातलं काही येत,” बाई म्हणाल्या.

“बघ,” ते म्हणाले, आणि बोटाने बॉनेटचा खटका दाखवला.

त्या रविवारपासून त्यांच्या अंगणात जे सुरू झालं ते बघायला शेजारपाजारचे फाटकाशी उभे राहत. खुर्ची गाडीच्या नाकासमोर. गोपीनाथराव डाव्या हाताने दाखवणार, बाई पदर खोचून तेवढंच करणार. चूक झाली की ते डोळे मिटून घ्यायचे, बरोबर असलं की पुढच्या नटाकडे बोट. आधी हवेचा फिल्टर निघाला. त्याच्या तळच्या वाटीतलं तेल डांबरासारखं घट्ट झालेलं. एवढे दिवस गाडी या चिखलातून श्वास ओढत होती, हे पाहून बाईंना कसंसंच झालं. तो डिझेलने धुतला, वाटीत नवं तेल घातलं. मग इंजिनचं ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर बदलला. फक्त तेलाचे डबे आणि एक फिल्टर, एवढाच खर्च.

पुढच्या रविवारी, इंजिन थंड असताना, त्यांनी वरचं झाकण काढायला लावलं. बाई बिचकत बिचकत नट सैल करत गेल्या, झाकण उचललं आणि तशाच थांबल्या. आत काळं, जळकं काहीतरी असेल असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात तेलात न्हालेली पोलादाची आठ बोटं एका ओळीत वाकून बसली होती, एकेक इतकं गुळगुळीत की उन्हाचा कवडसा त्यावरून घसरत होता. रोज आपण ज्या गाडीत बसतो तिच्या आत हे एवढं नाजूक काम चालतं, अंधारात, कुणी न बघता. बाईंनी नकळत हात पदराला पुसले.

इंजिनच्या झडपा दाबणाऱ्या त्या बोटांखालची फट नेमकी किती असावी, ते कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीने तपासायचं असतं. फटीतून पट्टी ओढताना ती किंचित अडायला हवी, सहज निघता कामा नये आणि घट्टही बसता कामा नये. हे किंचित म्हणजे किती, ते शब्दांत सांगायची सोय गोपीनाथरावांकडे नव्हती. त्यांनी बाईंच्या चिमटीवर आपली डावी चिमूट ठेवली आणि दोघांनी मिळून पट्टी ओढली. पुन्हा ओढली. कुठेतरी केसाएवढं काहीतरी अडलं आणि सुटलं. “बघ,” ते हळूच म्हणाले. बाईंना तो अडसर जाणवला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे माणूस दिवसभर बोटांच्या टोकाशी कशात रमलेलं असतं, ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

झाकण बसवून गाडी सुरू केली. धूर कमी झाला होता, पण गेला नव्हता. इंजिनही अजून लंगडत होतं. गोपीनाथरावांनी इंजिनावरच्या चार बारीक नळ्या दाखवल्या. प्रत्येक नळीतून एकेका सिलिंडरला डिझेल जातं. चालत्या इंजिनावर एकेक नळी क्षणभर ढिली करायची होती. ते स्वतः डावा तळवा मडगार्डवर टेकवून, डोळे मिटून उभे राहिले. पहिली ढिली केली, इंजिन अडखळलं. ती आवळली. दुसरी, तसंच. तिसरी ढिली केल्यावर बाईंना वेगळं काही कळलं नाही, पण गोपीनाथरावांचं बोट वर गेलं. म्हणजे डिझेल तोडलं तरी इंजिनाला फरकच पडला नव्हता. तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. चार बैलांच्या गाडीतला एक बैल नुसता सोबत चालत होता.

बाईंनी तिसऱ्या नळीच्या टोकाचं, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नॉझल काढलं, फडक्यात गुंडाळून अन्वरमियाँकडे नेलं. त्यांनी ते यंत्रावर लावून दाबलं. फवारा यायला हवा होता तिथे थेंब गळले.  मग बाकीची तीनही मागवून तपासली, ती ठीक निघाली.

“भाभी, ये किसने पकड़ा?” त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. अन्वरमियाँ त्याच संध्याकाळी नवं नॉझल स्वतः घेऊन बरखेड्याला आले. एका नॉझलचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. ते बसवलं, गाडी सुरू झाली आणि अंगणात जो आवाज भरला तो इतका एकसारखा होता की फाटकावरची माणसं बोलायची थांबली. अन्वरमियाँनी गोपीनाथरावांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचनात.

त्यानंतर गाडीने पुन्हा दगा दिला नाही. दर महिन्याला ग्रीस, ठरल्या वेळी ऑइल, उन्हाळ्याच्या तोंडाशी पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरचं पाणी. थोडा थोडा खर्च वेळेवर करत गेल्यामुळे मोठ्या खर्चाची वेळच आली नाही. वंदनाची फी त्या पिकअपनेच भरली.

गोपीनाथरावांच्या निवृत्तीचा दिवस आला तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी दोघांना त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या लेथ विभागात नेलं. कमलिनीबाई कारखान्याच्या फाटकाच्या आत कधीच गेल्या नव्हत्या. छत इतकं उंच की वरची क्रेन खेळण्यातली वाटावी. मधोमध एका लेथवर टर्बाइनचा रोटर संथ फिरत होता. त्यांची अख्खी पिकअप त्याच्या शेजारी उभी केली असती तर पाटासारखी दिसली असती. एवढं धूड फिरत होतं, पण आवाज जात्याच्या घरघरीहून मोठा नव्हता. 

सुधाकर लोखंडे हे त्यांच्या शॉपचे फोरमन. ते जवळ येऊन म्हणाले, “वहिनी, हे यांचंच मशीन. मोजमाप आम्ही नंतर घ्यायचो. आधी हे इथे हात ठेवायचे. यांनी मान हलवली की मग पुढचं काम.”

त्यांनी लेथच्या टोकाकडची एक जागा दाखवली. तिथला रंग तळव्याएवढा झिजून आतलं पोलाद चमकत होतं. गोपीनाथरावांनी तिथे डावा हात ठेवला. पूर्वी तिथे उजवा असायचा. मग ते बाजूला सरले आणि बायकोला जागा करून दिली. बाईंनी तळवा टेकवला. खोल कुठेतरी, हातापेक्षा छातीत जास्त, काहीतरी संथ आणि अखंड वाहत होतं. इतकं मोठं, आणि इतकं शांत. त्यांचे डोळे भरून आले, पण हात काही त्यांनी काढला नाही. लोखंड्यांनी आपली माणसं चहाला पाठवून दिली आणि तेही थोडे लांब जाऊन उभे राहिले.

महिन्याभरात वझलवारांनाही क्वार्टर सोडायचं होतं. जवळच अवधपुरीत दोन खोल्या बांधण्यापुरती जागा घेतली होती. गवंड्याने स्वयंपाकाचा ओटा कुठे घालू म्हणून विचारलं, तेव्हा कमलिनीबाई म्हणाल्या की ते मागाहून बघू, आधी अंगणात गाडीखाली उभं राहता येईल असा खड्डा खणून दे.