आधीचा सेव्हेरिनो

इटलीहून समुद्रापार आलेल्यांच्या इंगहॅम गावात सेव्हेरिनो बोर्तोलूस्सीला कुणी वय विचारलंच तर तो म्हणे, माझं सांगू की गुडघ्यांचं? जन्मभर त्यानं ऊस केला. घरात वाढदिवसाची पद्धत नव्हती. ज्याचं नाव ठेवलंय त्या संताचा दिवस आला की मक्याचं पीठ शिजायचं, घरची दारू निघायची, झालं. म्हाताऱ्याची जन्मतारीख गाडीच्या परवान्यावर निवांत झोपलेली होती.

तिला उठवलं नातीनं. लारिसा साखर कारखान्यात वेल्डर. इटलीतल्या एका गोदीत तिला काम मिळत होतं, पण तिथलं नागरिकत्व असेल तरच. ते पणजोबाकडून उतरत येणार होतं. अट एवढीच, की सेव्हेरिनो जन्मला तेव्हा त्याचा बाप आत्तिलिओ इटलीचाच असायला हवा. आणि आत्तिलिओनं तर इथं जमीन घेता यावी म्हणून इंग्रजांच्या राजाची शपथ घेऊन इटलीचं नागरिकत्व सोडलेलं. लारिसानं जन्माचा दाखला मागवला. जन्म शपथेच्या आधीचा निघाला. परवान्यावरची तारीख दोन वर्षं पुढची होती, ती तिनं कुठल्याशा कारकुनाच्या डुलकीवर ढकलली. घरात केक कापला गेला. आम्हालाही पेटीत घालून ने, असं शेजारी चिडवून गेले.

सेव्हेरिनोनं केकला हात लावला नाही. कोण बघायला येतंय, पोरीचं भलं होतंय, असं त्यानं स्वतःला पुष्कळ समजावलं. रविवारी प्रार्थना झाल्यावर मात्र तो तिला दफनभूमीत घेऊन गेला. संगमरवरी थडग्यांच्या गल्ल्या ओलांडून तो कुंपणाजवळच्या एका बुटक्या दगडापुढे थांबला. दगडावर त्याचंच नाव होतं.

"माझा थोरला भाऊ. पाळण्यातच गेला. पुढं मी झालो, तर त्याचंच नाव मला दिलं. आपल्यात देतातच."

लारिसानं तारखा वाचल्या. दाखला याचा होता. शपथ दोन्ही भावांच्या जन्मांच्या मधे पडत होती.

"नोन्नो," ती आजोबाला म्हणाली, "तू गप्प बसला असतास तर?"

"तर तू गेली असतीस."

"मग बसायचं होतंस की."

"आयुष्यभर याचं नाव वापरलं, पोरी. जन्म तरी याचा याला राहू दे."

आजोबाला तिथंच ठेवून ती गाडीत जाऊन बसली. त्याच आठवड्यात तिनं अर्ज मागं घेतला. गोदीतली जागा दुसऱ्याला गेली.

नोव्हेंबरात, मेलेल्यांना फुलं वाहायच्या दिवशी, ती म्हाताऱ्याबरोबर गेली. दगडापाशी फुलं उभी राहावीत म्हणून तिनं एक लोखंडी नळी वेल्ड करून आणली होती. आजोबाशी अजून तुटकच बोलत होती.