मागाचा खड्डा

सगळी नोकरी मी नाल्यांच्या पातळ्या मोजण्यात घालवली. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं आणि कुणाच्या घरात शिरतं, हे मला नकाशा न उघडता सांगता येतं. त्यामुळे ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय माझ्यापाशी नाही.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत रस्त्यावर रस्ता चढत गेला, तसतसं प्रत्येकानं घराचं जोतं उचललं. शेजारचे चाचा तेवढे खाली राहिले. ते हिमरूच्या शाली विणायचे. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. खड्ड्यात पाय सोडून विणायचं. तो उचलणार कसा? त्यांचा उंबरा माझ्यापेक्षा दीड हात खाली होता. एका रविवारी मी तो हौसेनं मोजला, तेव्हा मोजणीची काठी चाचांनीच धरली होती.

एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी माझ्या मागच्या दाराच्या पायरीला लागलं. घरामागं नाल्याच्या कडेला रिकामी पट्टी होती, तिथं ते पसरून जिरायचं. ती मी मलब्यानं भरली, वर फरशी घालून गाडी लावली आणि कडेनं भिंत घेतली.

“अन् ते पाणी कुठं जाईल?” बायकोनं विचारलं.

“गटारात,” मी म्हणालो. गटार गाळानं गच्च भरलंय, असा अहवाल त्याच आठवड्यात मीच दिला होता.

पुढच्या वर्षी एका दुपारी पाऊस कोसळला. भिंतीवर आदळलेलं पाणी वळलं आणि चाचांच्या दारात घुसलं. मी गच्चीवरून बघत होतो. भिंत टिकली म्हणून मला आनंद झाला. अगदी खरा आनंद.

पाणी ओसरल्यावर गेलो. खड्डा काठोकाठ भरलेला. कुणाच्या लग्नासाठी विणायला घेतलेल्या शालीचा ताणा, सगळे उभे धागे, गाळात लोंबत होता. चाचा बादलीनं उपसत होते, आणि खालून पाझरून खड्डा पुन्हा भरत होता.

“साहेब, तुम्ही तर ह्याच कामातले. इतक्या सालात कधी आलं नाय. यंदा कुठून आलं हो?”

“वरून लोंढा आला, चाचा. नालेसफाई झाली नाही ना.”

“व्हय, तुम्ही म्हणता तर तसंच आसंल.”

मला त्यांचाच राग आला. इतका विश्वास ठेवायचा कशाला? एक शिवी हासडली असती तर मला निदान भांडता आलं असतं.

आठवड्यानं ते दारात आले. लाकूड फुगलंय, माग मोडीत घातला, आता खड्डा बुजवतो म्हणाले. “तुमच्या भिंतीचा मलबा उरलाय कोपऱ्यात. नेऊ का?”

“न्या की.”

दिवसभर ते घमेल्यानं नेत राहिले. शेवटचं घमेलं जड होतं, एकट्यानं उचलेना, म्हणून ते त्यांच्या डोक्यावर चढवायला मी हात लावला.

“अल्लाह तुमचं भलं करो,” ते म्हणाले.