उतारमामा

माझे मामा सपाट जागेवर गाडी लावत नसत. परातीसारख्या सपाट अकोल्यात त्यांनी जन्मभर वकिली केली, पण उतार दिसल्याशिवाय इंजिन बंद केलं नाही. कोर्टामागचा उतार, रेल्वे पुलाचा उतार, बाजारातल्या गटारावरची तिरपी फरशी, सगळं तोंडपाठ. लग्नाची पत्रिका आली की मुलगी कोणाची हे नंतर, कार्यालयापाशी उतार आहे का हे आधी. घर बांधताना तर त्यांनी अंगणालाच उतार काढून घेतला. पावसाचं पाणी थेट शेजाऱ्याच्या दारात जाई आणि दरवर्षी आषाढात भांडण होई. आम्ही भाचरं त्यांना तोंडावरच उतारमामा म्हणायचो.

या सगळ्याला कारण सेल्फ. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर असते, तिला आमच्याकडे सेल्फ म्हणतात. मामांची पांढरी अँबॅसडर वयाने माझ्याहून मोठी. तिचा सेल्फ दोनदा नवा बसवला, भीती मात्र जुनीच राहिली. उतार असला की सेल्फ रुसला तरी गाडी लोटून सुरू करता येते, एवढाच त्यांना धीर. रोज सकाळी किल्ली फिरवून बघायचे, इंजिन धडधडलं की "उचलला" म्हणायचे, आणि मगच चहाचा कप तोंडाला लावायचे. "सेल्फाचा काय भरवसा?" हे त्यांचं पालुपद साक्षीदाराला, जावयाला, पावसाला आणि माझ्या नोकरीलाही लागू होतं.

मामी याच्या अगदी उलट. काळजी म्हणून करायची नाही. दसऱ्याला गाडीची पूजा तिची. चाकांना, बॉनेटला हळदकुंकू लावून झालं की बॉनेट उघडायला लावायची आणि बॅटरीलाही लावायची, तेही तेलात कालवलेलं, चांगलं बोटभर. वर नारळ फोडून पाणी शिंपडायची. "जीव तिथं हाय ना गाडीचा," म्हणायची. मामा हात जोडून बाजूला उभे राहायचे. कोर्टात कोणालाही बोलू न देणारा हा माणूस तिथे चकार शब्द काढत नसे.

त्या वर्षी दसऱ्याच्या रात्रीच मामीला धाप लागली. हृदयाची झडप निकामी होत आली होती. तीनचार दिवसांनी अमरावतीला ऑपरेशन ठरलं. मोठे डॉक्टर नागपूरहून यायचे होते, दुपारच्या आत भरती व्हा, असा निरोप होता. टॅक्सी करू म्हटलं, तर बंद काचेच्या गाडीत मामीचा जीव घाबरायचा. म्हणून अँबॅसडर काढली. मामी मागे आडवी, मी पुढे. मामा वाटभर आरशात मामीकडे बघत होते.

मूर्तिजापूर सोडल्यावर मामी म्हणाली, पोटात ढवळतंय, जरा थांबवा. मामांनी गाडी रस्त्याखाली निंबाच्या सावलीत घेतली आणि बंद केली. सपाट जागेवर! जन्मात पहिल्यांदा. मामीला पाणी पाजलं, वारा घातला. मग किल्ली फिरवली, तर नुसतं टक.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. परतीच्या पावसाने काळी माती लोण्यासारखी झालेली, चाकं रुतलेली, ढकलायला आम्ही दोघंच. मी रस्त्यावर धावलो. एक काळीपिवळी जीप थांबली, पण तिच्या मागच्या दारालाही माणसं लटकलेली. तिच्यात मामीला कुठे बसवणार? परत आलो तर मामा शर्टाच्या बाह्या सारून उभे. आवाज कोर्टातला होता.

"दिवा पाह्य. मी किल्ली फिरवतो."

गाडीचा पुढचा दिवा लख्ख लागला होता. किल्ली फिरली आणि गपकन विझला.

मामा म्हणाले, बॅटरी भरलेली आहे, मोटरही गुन्हेगार नाही, वीज मधेच कुठेतरी अडते. बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीच्या तारेची पकड सोडवली. आत हळद, कुंकू, तेल आणि नारळाच्या पाण्याचा हा एवढा थर, पापडासारखा सुकलेला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. किल्लीच्या टोकाने तो थर खरवडला, रुमालाने पुसला, पकड आवळली.

सेल्फ उचलला. मी मागून जीव खाऊन रेटा दिला आणि गाडी चिखलातून वर आली.

"काय झालतं हो?" मामीने क्षीण आवाजात विचारलं.

"कार्बन घासले होते सेल्फाचे," मामा म्हणाले, आणि सगळा दोष मोटरवर ढकलला.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्यांनी मला सांगितलं. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मामी देवळात गेली की ते गुपचूप बॅटरी साफ करायचे. यंदा तिच्या दुखण्यात राहून गेलं. "आपल्याच कुंकवानं गाडी अडली, असं तिले आज समजलं असतं, तं ती मनानंच खचली असती रे," म्हणाले, आणि रुमालाने डोळे, कपाळ पुसलं. तोच रुमाल. कपाळभर कुंकू फासलं गेलं ते त्यांना कळलंही नाही, आणि मला हसावं की रडावं ते कळेना.

मामी बरी झाली. गेल्या चैत्रात मामाच गेले, बसल्या जागी, कसलीही कुरकूर न करता. ज्याची जन्मभर काळजी केली नाही ते हृदयच बंद पडलं.

यंदा दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. मामी आता स्वतःला कुंकू लावत नाही. म्हटलं, गाडीलाही लावलं नसेल. उगीच बॉनेट उघडून पाहिलं, तर बॅटरीवर बोटभर थर. खिशातला पॉलिशपेपर काढून घासायला लागलो, तोच मागे बांगड्या नसलेल्या हातांनी कोणीतरी चहाचे दोन कप ठेवले.

"कार्बन घासून राहिला का रे?"

मी मान खाली घालून हो म्हटलं.

"घास. तेही दरसाल घासत. त्यायले वाटे, मले मालूम नाही." मामी ओट्यावर टेकली. "यंदा लावणार नव्हती मी. मंग म्हटलं, नाही लावलं तं तू येशील कायले?"

मी पकड आवळून किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. "उचलला," मामी म्हणाली, आणि मगच चहा प्यायली.