मागे ठेवलेली पडवी

गाव सोडताना आम्ही घर उतरवून गाडीत घातलं. पहिल्या गाडीत वासे, तुळया, दाराची चौकट. दुसरीत पेंढ्यात बसवलेली कौलं आणि त्यांच्यावर मी, नऊ वर्षांची. माझ्या बाला लोणावळ्याच्या रेल्वे इंजिनशेडमध्ये काम लागलं होतं. नवं लाकूड परवडणारं नव्हतं, म्हणून जुनंच घर तिकडं उभं करायचं. आंदर मावळातून बाहेर पडणारे तेव्हा असंच करत.

गुरुजी, तुम्ही गावच्या शाळेचा इतिहास लिहायला घेतलाय, तर क्रमानं सांगते. आधी शाळा देवळात भरायची आणि सणावाराला उठायची. मग बानं आमची पडवी दिली. मीही तिथंच अक्षर गिरवलं. घर उतरवायच्या आदल्या दिवशी मास्तर दारात आले. "भाऊ, आठवड्यानं दिपोटी साहेब शाळा तपासायला येतायत. छप्पर दिसलं नाही तर शाळाच बंद करतील."

दुसऱ्या दिवशी बानं घर उतरवलं. पडवीला टेकायला एक भिंत ठेवली, पडवीवरची कौलं ठेवली, बाकी घर नेलं.

आई गाडीमागून चालत होती. "लोक घर ठिवून पडवी काढत्यात. तुमचं उलटंच."

"पोरं बसल्यात तितं."

"आन् आपुन कुटं बसायचं?"

"शेडात लय जागा हाय," बा म्हणाला.

तपासणी पार पडली, शाळा टिकली. लोणावळ्यात घर उभं राहिलं ते पडवीविना. पावसाची झड थेट चुलीपर्यंत यायची. "फुडल्या साली बांधू," असं बा दर साली म्हणायचा. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "माजी पडवी तितं, मी हितं."

त्या घरात आता माझा भाऊ राहतो. माझे यजमान रेल्वेत. बदल्यांपायी सात क्वार्टर झाले. प्रत्येक ठिकाणी सामान लावायच्या आधी मी दाराबाहेर बसायला जागा शोधते. नसली की चैन पडत नाही, असली तरी फार वेळ बसवत नाही.

शाळेला आता दगडी इमारत झाली, पडवी पाडायची आहे, लाकूड तुमचं, घेऊन जा, असं तुम्ही लिहिलंत. भाऊ म्हणाला, "आण. आईचं राहिलेलं पुरं होईल." मी यादीही केली: गाडी, दोर, सुतार, हमाल दोन. मग तुम्हाला विचारलं, वाडीवरची पोरं दुपारी भाकरी कुठं खातात? उत्तर आलं, अजून पडवीतच. नव्या वर्गात भाकरी सोडायला मनाई आहे.

भावाला सांगितलं, लाकूड येणार नाही. तो म्हणाला, "बाचीच लेक तू."

तेव्हा पडवी पाडू नका. पण वासे जुने आहेत, वाळवी लागलेली असणार. भातकापणी उरकली की सुताराला घेऊन येते. काम एका दिवसाचं नाही, मुक्काम पडेल. कुणी घर कुठलं विचारलं तर मी अजून आपल्या गावाचंच नाव सांगते. गावात कुणाकडे उतरू, तेवढं कळवा.